कानाच्या पाळीखालचा मुलूख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शरीरातील काही अवयवांची कीर्ती त्यांच्या कार्यामुळे होते आणि काहींची केवळ त्यांच्या दुखण्यामुळे. हृदय, मेंदू किंवा डोळा यांविषयी निरोगी माणूसही कुतूहलाने चार प्रश्न विचारतो, परंतु दोन्ही कानांच्या पाळ्यांखाली जन्मभर मुकाट्याने पाझरणाऱ्या लाळेच्या ग्रंथींची आठवण होते ती घरातील एखाद्या मुलाचा गाल सुजून, त्याला गालगुंड झाले असा निवाडा शेजारच्या आजीबाईंनी दिल्यावरच. ग्रंथांतरी जिला अनुकर्ण ग्रंथी आणि दवाखान्यात जिला पॅरोटिड म्हणतात, ती लाळग्रंथींमध्ये सर्वांत मोठी आहे. तरीही तिची ओळख रोगाच्या निमित्तानेच होत असल्यामुळे तिच्याविषयी गैरसमजांचा साठा मोठा व्हावा यात नवल नाही. हे गैरसमज एकामागून एक तपासू गेल्यास त्यांतील बहुतेकांचे मूळ एकाच अज्ञानात सापडते: ही ग्रंथी नेमकी कोठे वसली आहे, तिच्या हद्दीतून कोण कोण जाते आणि त्या जाणाऱ्यांशी तिचा संबंध कितपत आहे, हे आपणांस ठाऊक नसते. म्हणून आधी जागेची पाहणी आणि मग रोगांचा विचार, हाच क्रम सोयीचा.

पहिला आणि सर्वांत रूढ समज असा, की ही ग्रंथी गालात असते. वास्तविक गालावर तिचा पुढचा पातळ भागच पसरलेला असतो. तिचा मुख्य ऐवज कानाच्या पाळीखाली, खालच्या जबड्याचे उभे हाड आणि कानामागील हाडाचा उंचवटा यांच्यामधील खोल खोबणीत दडलेला असतो. खरेदीखतात लिहितात तशी तिची चतुःसीमा सांगावयाची तर उत्तरेस कानापासून गालफडाकडे जाणारी हाडाची कमान, पश्चिमेस कर्णनलिका, तो उंचवटा आणि त्यापासून गळ्याकडे तिरपा उतरणारा मानेचा स्नायू, पूर्वेस जबडा व दात आवळले असता टणक होणारा चर्वण-स्नायू, आणि दक्षिणेस जबड्याच्या कोनाच्याही थोडे खाली, मानेत उतरलेले तिचे निमुळते टोक. खोलीचा हिशेब निराळाच आहे; तळाशी ती घशाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत जवळजवळ पोहोचते. पंधरा ते तीस ग्रॅम वजनाच्या या पिंडाने इतका आडवातिडवा प्रदेश व्यापावा, हे तिच्या वेड्यावाकड्या आकारामुळेच शक्य होते.

या चतुःसीमेचे अज्ञान प्रत्यक्षात महाग पडते. पाळीच्या खाली, जबड्याच्या कोनामागे एखादी गाठ लागली की ती मानेतील आहे असे समजून दात किडला असेल, घसा आला असेल, अशा तर्कांवर महिनेच्या महिने काढले जातात. वस्तुतः त्या ठिकाणची गाठ अनुकर्ण ग्रंथीच्या खालच्या टोकातली असण्याचा संभव प्रथम विचारात घ्यावयास हवा. उलट पक्षी, ग्रंथीच्या खोल भागात वाढलेली गाठ बाहेरून दिसतच नाही. ती टॉन्सिलला आतून पुढे ढकलते आणि रुग्ण घशात काहीतरी अडकते अशी तक्रार घेऊन येतो. तिसरी गुंतागुंत अशी, की गर्भावस्थेत या ग्रंथीभोवतीचे आवरण इतर लाळग्रंथींच्या मानाने उशिरा पुरे होत असल्याने काही लसिका ग्रंथी तिच्या पोटातच कोंडल्या जातात. परिणामी डोक्याच्या कातडीवरील, पापणीवरील किंवा कानावरील रोगाची सूज अनुकर्ण ग्रंथीत उमटते, आणि मूळ जागेकडे कोणाचे लक्षही गेलेले नसते.

ग्रंथीतील लाळ कोठून बाहेर पडते, याविषयीही सामान्य समजूत चुकीची आहे. लाळ जिभेखालून येते असे आपण गृहीत धरतो, आणि इतर दोन जोड्यांपुरते ते खरेही आहे. पण अनुकर्ण ग्रंथीची सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची नलिका चर्वण-स्नायूवरून आडवी पुढे जाते, त्याच्या कडेशी एकदम आत वळते, गालातील चरबी व स्नायू भेदते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूस एका बारीक उंचवट्यावर उघडते. तो उंचवटा वाचकास जिभेच्या टोकाने चाचपता येईल. आणि दात घट्ट आवळून, गालफडाच्या कमानीखाली एक बोट अंतरावर कातडी वरखाली फिरविली असता नळीची दोरी बोटाखाली घरंगळलेलीही जाणवेल. गालाच्या स्नायूतून ती तिरपी जात असल्याने तोंडातील हवेचा दाब वाढला की ती आपोआप दाबली जाऊन मिटते, म्हणून फुगा फुगविताना आपली ग्रंथी फुगत नाही. मात्र फुंकवाद्ये वाजविणारे आणि काच फुंकणारे कारागीर यांच्यापैकी काहींत हा बंदोबस्त हार खातो, नळीतून हवा उलटी शिरते, आणि सूज मात्र गालगुंडासारखी दिसते.

या नळीच्या शोधाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १६६० साली अवघ्या बावीस वर्षांच्या नील्स स्टेन्सन या डॅनिश विद्यार्थ्यास ॲम्स्टरडॅम येथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना ती सापडली. त्याने ती आपले शिक्षक ब्लासियस यांस दाखविली, तेव्हा त्यांनी ती शलाकेच्या जोराने पडलेले छिद्र किंवा निसर्गाची एखादी लहर म्हणून उडवून लावली, आणि पुढे लायडनच्या पंडितांनी शोध मान्य केल्यावर तो आपलाच असल्याचा दावा मांडला. वादाचा निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला. नलिकेला आजही त्याचेच नाव आहे. हाच स्टेन्सन पुढे हृदय हा स्नायू आहे असे ठामपणे सांगतो, १६६९ साली पृथ्वीच्या थरांविषयी ग्रंथ लिहून भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत गणला जातो, आणि शेवटी कॅथलिक बिशप होऊन संशोधन सोडून देतो. एका माणसाच्या आयुष्यात इतकी आयुष्ये क्वचितच सामावलेली आढळतात.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे वळू. चेहऱ्याचे सर्व हावभाव चालविणारा सातवा मस्तिष्क-मज्जातंतू कवटीच्या तळातील एका छिद्रातून बाहेर येतो, मागच्या बाजूने अनुकर्ण ग्रंथीत शिरतो, तिच्या अंतर्भागातच आधी दोन फाट्यांत आणि नंतर पाच मुख्य शाखांत विभागतो, आणि पुढच्या कडेने बाहेर पडून कपाळ, पापण्या, गाल, ओठ व मान यांच्या स्नायूंकडे जातो. इतक्या सलगीवरून तोच या ग्रंथीचा कारभार पाहत असावा, असे सुशिक्षितांसही वाटते. आणि ते सर्वस्वी चूक आहे. शेतातून वहिवाटीचा रस्ता गेला म्हणून त्या रस्त्याने जाणारा शेताचा धनी होत नाही, तद्वत हा मज्जातंतू ग्रंथीला लाळेचा एक थेंबही पाझरावयास सांगत नाही. तो हुकूम येतो नवव्या मज्जातंतूकडून, आणि तोही आडवळणाने: मधल्या कानाच्या पोकळीतून, कवटीच्या तळाखालील एका लहानशा गुच्छिकेत मुक्काम करून, शेवटी कानापुढून कानशिलाकडे चढणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या शाखेच्या संगतीने. विशेष म्हणजे जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींना हुकूम देणारा मात्र तो सातवाच आहे. ज्या ग्रंथीच्या पोटातून तो जातो, तिच्याशीच त्याचा काही व्यवहार नाही.

हा केवळ पंडिती तपशील नव्हे. चेहऱ्याच्या अर्धांगात तोंड एका बाजूस ओढले जाऊन दुसऱ्या बाजूने लाळ गळू लागते, तेव्हा ग्रंथी अतोनात पाझरते आहे असे नातेवाइकांस वाटते आणि लाळ आटविण्याचे औषध मागितले जाते. वस्तुतः पाझर वाढलेला नसतो, ओठाचा स्नायू ढिला पडून तोंड नीट मिटत नसते. तसेच ग्रंथीच्या साध्या सुजेने किंवा निरुपद्रवी गाठीने हा मज्जातंतू सहसा दुबळा होत नाही. तो तिच्यातून निर्धास्त जात राहतो. म्हणून कानाखाली गाठ आणि त्याच बाजूचा चेहरा ढिला, ही जोडी एकत्र दिसली की ती गाठ कर्करोगाची असण्याची शंका प्रथम घ्यावी लागते. मज्जातंतूच्या खाली एक मोठी नीला आणि तिच्याही खाली मानेतून चढणारी रोहिणी, असा तिन्हींचा क्रम बाहेरून आत ठरलेला आहे, आणि शस्त्रवैद्याचा सारा भरवसा या क्रमावर असतो.

ग्रंथीचे वरचा आणि खोल असे दोन स्वतंत्र खंड असतात, हे विधान पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. निसर्गाने असे दोन खंड पाडलेले नाहीत. मज्जातंतूच्या पातळीवरून कल्पिलेली ती शस्त्रवैद्यांच्या सोयीची सीमारेषा आहे. ग्रंथीचा बहुतेक ऐवज तिच्या बाहेरच्या बाजूस येतो.

आकाराने थोरली म्हणून लाळही तीच अधिक पुरवीत असेल, हा तर्क स्वाभाविक असला तरी खरा नाही. माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. आपण स्वस्थ बसलेले असताना तिचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जबड्याखालच्या लहान ग्रंथी पुरवितात आणि अनुकर्ण ग्रंथींचा वाटा एक-चतुर्थांशाहून अधिक क्वचितच भरतो. जेवण समोर आले, घास चावू लागला, चिंचेचा नुसता वास आला, की मात्र या ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचा वाटा निम्म्यापर्यंत चढतो. त्यांची लाळ पातळ, पाण्यासारखी असते. जिभेखालच्या ग्रंथींच्या लाळेसारखी चिकट नसते. पिष्टमय पदार्थांचे विघटन करणारे विकर तिच्यात भरपूर असते, आणि म्हणूनच भात सावकाश चावला की गोड लागू लागतो. पण त्यावरून पिष्टाचे पचन तोंडातच उरकते असे मानणे अतिशयोक्त होय, कारण घास जठरात जाऊन आम्लात भिजला की हे विकर निष्प्रभ होते आणि उरलेले मोठे काम स्वादुपिंडास करावे लागते. लाळेचे अधिक मोलाचे काम दुसरेच आहे: दातांवरचे आम्ल निवविणे, त्यांना चुना पुरविणे आणि जंतूंना आवरणे. मानेच्या कर्करोगावर किरणोपचार होऊन ज्यांच्या या ग्रंथी सुकल्या, त्यांचे दात किती झपाट्याने किडतात हे पाहिलेल्यास याचा पुरावा निराळा नको.

गालगुंडाविषयीच्या समजुती तर घरोघर आहेत. कानाखालची प्रत्येक सूज म्हणजे गालगुंड, ही त्यांतील पहिली. खरे गालगुंड एका विशिष्ट विषाणूने होते. १९३४ साली अमेरिकेतील जॉन्सन व गुडपॅश्चर यांनी रुग्णांच्या लाळेतील, बारीक गाळणीतूनही पार होणारा घटक माकडांना देऊन तेथे रोग उत्पन्न करून दाखविला. संसर्गानंतर बहुधा सोळा ते अठरा दिवसांनी ग्रंथी सुजते, जबड्याचा कोन सुजेत बुडतो आणि कानाची पाळी वर व बाहेर उचलली जाते. ग्रंथीवरील आवरण चिवट असून ताणले जात नाही, म्हणून आतील ताण वाढून वेदना होते, आणि आंबट खाल्ले की पाझराची भर पडून ती असह्य होते. ही वेदना कानात गेल्यासारखी वाटते, आणि कानात तेल घालण्याचा उपक्रम येथूनच सुरू होतो. कानाचा या प्रकरणात काही दोष नसतो. लेपाने त्वचेला थोडा गारवा लाभत असेल, विषाणूस त्याची खबरही लागत नाही. प्रतिजैविकेही येथे निरुपयोगी आहेत. विश्रांती, पाणी, मऊ अन्न, तापावरचे साधे औषध आणि सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेपासून दूर ठेवणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

एका बाजूला गालगुंड आले तर दुसरी बाजू शिल्लक राहिली, पुढे कधीतरी ती फुगेल, असे सांगण्याची पद्धत आहे. रोगप्रतिकारशक्ती गालागालाने वाटून मिळत नाही. एकच बाजू सुजली तरी संरक्षण साऱ्या शरीरास मिळते आणि ते बहुधा जन्मभर टिकते. ज्याला दोनदा गालगुंड झाल्याचे सांगतात, त्याची एक वेळची सूज बहुधा दुसऱ्याच कारणाची असते. तिसरी समजूत अधिक भयंकर: मुलग्याचे गालगुंड खाली उतरले की तो पुढे निपुत्रिक राहणार. वयात आलेल्या, लस न घेतलेल्या पुरुषांपैकी शेकडा पंधरा ते तीस जणांत वृषणाला सूज येते, हे खरे. पण ती बहुधा एकाच बाजूस येते आणि तीमुळे कायमचे वंध्यत्व क्वचितच ओढवते. वयात न आलेल्या मुलांत तर हा प्रकार विरळाच. ज्याची काळजी खरोखर करावी ते एका कानाचे बहिरेपण, मेंदूच्या आवरणाची सूज किंवा स्वादुपिंडाची सूज यांची नावे मात्र या चर्चेत कोणी काढीत नाही.

लसीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांनी १९६३ साली आपल्याच आजारी मुलीच्या घशातून विषाणू घेऊन त्यापासून लस तयार केली. १९६७ साली तिला परवाना मिळाला. आपल्या देशातील राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून जी गोवर व रुबेलाची जोडलस आली, तिच्यात गालगुंडाचा घटक नाही. सरकारी केंद्रात सर्व टोचण्या झाल्या म्हणजे गालगुंडापासूनही संरक्षण मिळाले, ही अनेक पालकांची समजूत त्यामुळे निराधार ठरते. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना जी तिहेरी लस सुचविते ती निराळी, आणि तिची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.

गालगुंडाखेरीज या ग्रंथीला सुजविणारी कारणे थोडी नाहीत. शरीरातील पाणी आटलेल्या, अन्न-पाणी बंद असलेल्या वृद्ध किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत लाळेचा प्रवाह मंदावतो, तोंडातील जंतू नळीतून उलटे चढतात आणि ग्रंथीत पू होतो. १८८१ साली गोळी लागून अंथरुणाला खिळलेले अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस मृत्यूपूर्वी हाच विकार जडला होता. गाल दाबला असता दाढेसमोरच्या त्या उंचवट्यातून पू येतो, ही त्याची सोपी ओळख. जेवताना फुगणारी आणि तासाभरात ओसरणारी सूज नळीत खडा असल्याचे सुचविते, मात्र असे खडे बहुतांशी जबड्याखालच्या ग्रंथीत होतात, कारण तिची लाळ दाट आणि तिचा मार्ग चढाचा. मधुमेह, मद्यपान आणि कुपोषण यांनी दोन्ही ग्रंथी न दुखता फुगतात. तोंड व डोळे कोरडे पडून ग्रंथी वाढल्या तर शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटणाऱ्या विकाराचा, ज्याला स्वीडनच्या श्योग्रेन यांचे नाव मिळाले आहे, विचार करावा लागतो.

उरल्या गाठी. लाळग्रंथींच्या एकंदर अर्बुदांपैकी पाचांत चार या एकट्या ग्रंथीत होतात आणि त्यांतील सुमारे पाचांत चार निरुपद्रवी असतात. येथवर दिलासा आहे. परंतु दुखत नाही म्हणजे धोका नाही, हा निष्कर्ष मात्र त्यावरून काढता येत नाही, कारण येथील गाठ, साधी असो वा कर्काची, आरंभी बहुधा दुखतच नाही. आणि सर्वांत सामान्य जी साधी गाठ, तीही वर्षानुवर्षे राहू दिली तर काही जणांत कर्करूप धारण करते. सुई घातली की रोग पसरतो ही भीती निराधार आहे. बारीक सुईने पेशी काढून पाहणे हीच तपासणीची सर्वमान्य पहिली पायरी होय. वरून छोटी चीर घेऊन तेवढीच गाठ सोलून काढण्याचा आग्रह मात्र धरू नये. पूर्वी तसे करीत, आणि आवरणाबाहेर राहिलेल्या सूक्ष्म अंकुरांतून गाठी पुन्हा उगवत. म्हणून आता मज्जातंतू शोधून, त्याच्या शाखा जपत भोवतीच्या ग्रंथीसह गाठ काढतात. या शस्त्रक्रियेने तोंड कायमचे वाकडे होते, ही धास्ती बहुतेक रुग्णांना असते; साध्या गाठीत मज्जातंतू अखंड ठेवला जातो, काहींना काही आठवडे वा महिने ढिलेपणा राहतो आणि बहुधा भरून येतो, कायमचा दुबळेपणा थोड्यांच्या वाट्याला येतो. कानाची पाळी बधिर राहणे हे त्याहून कितीतरी अधिक वेळा घडते. कधी कधी पुढे जेवताना त्या गालावर घाम फुटतो. लाळेचा हुकूम नेणारे तंतू तुटून पुन्हा वाढताना घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात, त्याचा हा परिणाम. १९२३ साली त्याचा उलगडा करणाऱ्या पोलिश मज्जाविकारतज्ज्ञ लुचिया फ्रे यांचा नाझी अमलाखालील ल्वूफच्या ज्यू वस्तीत १९४२ साली अंत झाला; त्यांचे नाव त्या घामाला चिकटून राहिले आहे.

तेव्हा कानाच्या पाळीखाली, पुढे किंवा मागे लागलेली गाठ तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर ती दुखत नसली तरीही कान-नाक-घशाच्या तज्ज्ञास किंवा शस्त्रवैद्यास दाखवावी. आणि जाण्यापूर्वी आरशासमोर उभे राहून दोन्ही डोळे घट्ट मिटतात काय, भुवया सारख्या उचलल्या जातात काय, हसताना तोंडाचा एक कोपरा मागे राहतो काय, हे पाहून पहिल्याच भेटीत सांगावे.